हेर मोठा की टपाल फोडणारा कारकून?

दप्तरी (धागालेखक)

हेरगिरीचा विषय निघाला की आपली गाडी पाचव्या वाक्याला बहिर्जी नाईकांवर येते आणि सहाव्याला वेषांतरांवर. कधी फकीर, कधी वासुदेव, कधी पोतराज. बहिर्जींच्या थोरपणाबद्दल वाद नाहीच. पण सभासदाची बखर काढून बघा. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून १६९४ च्या सुमारास जिंजीला लिहिलेली, म्हणजे त्या काळाच्या बरीच जवळची. तिच्यात बहिर्जी येतात ते ठोस कामांसाठी. सुरत मारली तर अमाप पैसा हाती लागेल ही खबर त्यांनी आणली. जालना लुटून परतताना मोगली फौज पाठीवर होती, तेव्हा आडवाटेने महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचवलं तेही त्यांनीच. म्हणजे बाजाराची माहिती आणि वाटांची माहिती. रसभरीत वेषांतरं नंतरची.

माझं म्हणणं असं, की जगभरच्या राज्यांनी माणसांवर खरी नजर ठेवली ती टपालातून. जो पत्र पोचवतो त्याला ते कोणाचं, कोणाला आणि किती घाईचं हे आयतंच कळतं. फोडून वाचणं ही पुढची पायरी. वेष बदलून शत्रूच्या गोटात शिरणारा एखादाच. खलित्यांच्या थैल्या रोज उघडणारे शेकडो.

रोमन साम्राज्यात फ्रुमेंतारी नावाचे शिपाई होते. मूळ काम सैन्यासाठी धान्य मिळवायचं. त्यासाठी प्रांतोप्रांती हिंडायचं, मग जाता जाता निरोप न्यायचे, आणि निरोप नेता नेता कान उघडे ठेवायचे. शेवटी लोक त्यांना इतके विटले की डायोक्लेशनने ती संस्थाच मोडली, आणि तेच काम करणारी दुसरी उभी राहिली. हेड्रियन बादशहाबद्दलचा एक किस्सा त्याच्या जुन्या चरित्रात आहे (चरित्रकार गप्पिष्ट आहे, त्यामुळे मीठ लावूनच घ्या). एका बाईने नवऱ्याला लिहिलं, की तुम्हाला मौजमजा आणि स्नानगृहं यांतून घरी यायला सवड कुठली! ते पत्र बादशहाच्या माणसांनी आधीच वाचलेलं. नवरा रजा मागायला गेला तर हेड्रियनने त्याला स्नानगृहांवरूनच झापलं. त्यावर तो म्हणाला, "म्हणजे माझ्या बायकोने आपल्यालाही पत्र लिहिलं की काय?"

अब्बासी खलिफांच्या 'बरीद'मध्ये तर टपाल आणि गुप्तवार्ता हे दोन विभाग वेगळे नव्हतेच. प्रांतातला टपालप्रमुख पत्रं पुढे पाठवायचा आणि सुभेदार काय करतो तेही परस्पर बगदादला कळवायचा. ८२२ मध्ये खुरासानचा सुभेदार ताहिर याने शुक्रवारच्या खुतब्यातून (नमाजाच्या प्रवचनातून) खलिफाचं नाव गाळलं. साधं वाटेल, पण हे बंडच. टपालप्रमुखाने तातडीने बगदादला लिहिलं. ताहिर त्यानंतर लगेचच मेला, कसा यावर इतिहासकार अजून भांडतात.

आता आपल्या जवळचं. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३३ मध्ये सिंधू नदीपाशी आला. त्याने लिहून ठेवलंय, की परदेशी माणूस आला की टपालवाले सुलतान मुहम्मद तुघलकाला त्याचं वर्णन धाडतात: दिसतो कसा, कपडे कोणते, बरोबर माणसं किती, नोकर किती, जनावरं किती. सिंधहून दिल्लीला जायला पन्नास दिवस, पण डाक पाच दिवसांत. घोड्यापेक्षा पायी डाक वेगवान. दर मैलाला तीन चौक्या, धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात दोनेक हात लांबीची काठी, टोकाला तांब्याच्या घंट्या. घंटा ऐकू आली की पुढच्या चौकीवरचा कंबर कसून उभा. बतूता जवळ जवळ कौतुकानेच हे सांगतो. ज्याची नोंद झाली तोच नोंदीची पद्धत सांगतोय, असं फार क्वचित मिळतं.

हीच डाक सुलतान दौलताबादेत असताना त्याला प्यायला गंगेचं पाणी आणून देई, असंही त्याने लिहिलंय. वेरूळला जाताना तो किल्ला लागला की मला यादवांच्या आधी ते पाणीच आठवतं.

मोगलांबद्दल प्रतिसादांत लिहीन. तुमच्याकडची भर टाका.

घाटवाट

धागा आवडला, पण पहिल्याच परिच्छेदाशी असहमत. लेखी पुरावा नाही म्हणजे वेषांतर झालंच नाही? ज्याचा पुरावा मागे राहिला तो हेर कसला, राव! टपालाचे कागद उरतात म्हणून टपाल मोठं दिसतं. शिवकाळातल्या रामोशांनी काय केलं ते कोण लिहून ठेवणार होतं?

दप्तरी

घाटवाट, झालंच नाही असं मी म्हटलेलं नाही. बखरीत जे आहे तेही कमी नाही, एवढंच म्हटलंय. जालन्याहून परतताना तीन दिवस-रात्र घोडदौड करून अख्खी फौज डोंगरातून काढायची, मागावर शत्रू असताना, हे कुठल्याही दाढीमिशीच्या सोंगापेक्षा अवघड आहे. पण कागद उरतात म्हणून टपाल मोठं दिसतं हे मान्य. तो आक्षेप जड आहे.

स्वाती_ठाणे

कौटिल्य राहिला ना! त्याच्याकडे टपाल नाही, माणसंच आहेत. गूढपुरुषांचे दोन वर्ग. एका जागी बसून काम करणारे ते संस्था: कापटिक (विद्यार्थ्याच्या सोंगातला), उदास्थित (संन्यास सोडलेला), गृहपतिक (शेतकरी), वैदेहक (वाणी), तापस. फिरते ते संचार: सत्री म्हणजे राज्याने पोसून शिकवलेला, तीक्ष्ण म्हणजे मारेकरी, रसद म्हणजे विष घालणारा, आणि भिक्षुकी म्हणजे भिक्षा मागत फिरणारी संन्यासिनी. सोंगं म्हणाल तर यात भरपूर आहेत. खोटा तापस महिना-दोन महिन्यांनी चारचौघांत मूठभर भाजी खाणार आणि एरवी गुपचूप हवं ते जेवणार, इथपर्यंत तपशील.

पण मला त्यातला पगाराचा भाग सगळ्यात बोलका वाटतो. बसून काम करणाऱ्या पाच जणांना १००० पण. सत्री, तीक्ष्ण, रसद, भिक्षुकी यांना ५००. निरोप्यांना २५०. म्हणजे विष घालायला जीव धोक्यात घालणाऱ्याच्या दुप्पट पैसे दुकानात बसून कान लावणाऱ्या वाण्याला! दप्तरी, हा मुद्दा तुमच्या बाजूने जातो, म्हणून फुकट देतेय.

दप्तरी

स्वातीताई, पेढे लागू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणखी दोन गोष्टी आहेत. एक, या हेरांनी एकमेकांना ओळखता कामा नये. दुसरी, तिघांकडून एकच बातमी आली तरच विश्वास ठेवायचा, आणि वारंवार वेगळं सांगणाऱ्याचा गुपचूप काटा काढायचा. माहिती आणण्यापेक्षा ती पडताळण्याची चिंता जास्त. ही वृत्ती कारकुनाची, म्हणून मला तो माणूस आवडतो.

मोगलांकडे हेच. सुभ्यात वाकेनवीस, म्हणजे बातम्या लिहून धाडणारा, उघड नेमलेला. त्याच्यावर सवानेहनवीस. दोघांनाही कळणार नाही असा खुफियानवीस. शिवाय हरकारे. सगळ्यांचे कागद डाकचौकीच्या दारोग्याकडे. वाकेनवीस सुभेदाराशी संगनमत करतो हे बादशहाला पक्कं ठाऊक असायचं, म्हणून तर एवढी उतरंड.

स्वाती_ठाणे

आणि ते वाचायचं कोण? इटालियन प्रवासी मनुची लिहितो, की ही पत्रं रात्री नऊच्या सुमारास महालातल्या बायका औरंगजेबाला वाचून दाखवत. म्हणजे बंगालपासून दख्खनपर्यंतच्या भानगडी सगळ्यात आधी कळायच्या त्या जनान्यातल्या वाचणाऱ्या बायकांना. एकीचंही नाव आपल्याला माहीत नाही. भिक्षुकी तरी यादीत आली.

अगोचर

वाचतोय. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, घाटवाट परत येणार.

पाथरवट

पानिपताचं एक उदाहरण इथे चपखल बसतं. १४ जानेवारी १७६१ ला तिकडे सगळं संपलं. नानासाहेब पेशवे तेव्हा उत्तरेच्या वाटेवर भिलशाजवळ, म्हणजे आजच्या विदिशेपाशी, भाऊच्या मदतीला फौज घेऊन निघालेले. (वाटेत पैठणला स्वतःचं दुसरं लग्न उरकून. यावर बोलायला लागलो तर वेगळा धागा होईल.) भाऊसाहेबांकडून बरेच दिवस पत्र नाही. वाटा अब्दालीने तोडलेल्या. राज्य एवढं मोठं, दरबारोदरबारी वकील, दिल्लीला हिंगण्यांसारखं मुरलेलं घराणं, आणि पेशव्यांना आपल्याच फौजेचं काय झालं ते ठाऊक नाही.

बातमी आली ती सावकारी कासिदाकडून. उत्तरेतल्या पेढीने औरंगाबादच्या पेढीला पाठवलेलं पत्र वाटेत पेशव्यांच्या छावणीत सापडलं आणि फोडलं गेलं. मजकूर आपल्याला शाळेपासून पाठ आहे: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव.

आपण हे वाक्य शोकाचं म्हणून वाचतो. पण ते एका व्यापाऱ्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला लिहिलेलं धंद्याचं पत्र आहे. कोणाच्या हुंड्या बुडणार, कोणाला आता उधारी द्यायची नाही, हे कळवायला. सांकेतिक, कारण रस्त्यात कोणीतरी फोडणार हे गृहीतच. सरकारी डाक आंधळी झाली तेव्हाही सावकारांची डाक चालू होती, दहा दिवसांत माळव्यात.

दप्तरी

पाथरवट, क्या बात है. सावकारी टपाल या अंगाने हे पत्र मी कधी वाचलं नव्हतं.

घाटवाट

आलो. पानिपताचं मान्य. पण यातून उलटंही निघतं ना? टपालावर विसंबलं की टपाल तुटल्यावर राज्य आंधळं. तिथे बहिर्जीसारखा एक माणूस अब्दालीच्या छावणीभोवती असता तर?

पाथरवट

असतेच की हरकारे. पण बातमी काढायला माणूस लागतो तशी आणायला वाट लागते. दिल्लीची वाट अब्दालीने अडवलेली, यमुनेपलीकडचा मुलूख रोहिल्यांचा, आणि डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदही आटली. बहिर्जींना सह्याद्रीतली प्रत्येक घळ ठाऊक होती. पानिपतच्या सपाटीवर काय करणार?

व्हिएन्नाचा_जावई

(सासुरवाडी खरोखर व्हिएन्ना, म्हणून हे नाव.)

अठराव्या शतकात टपाल फोडण्यात इथल्या लोकांचा हात कोणी धरत नसे. परक्या वकिलातींच्या थैल्या सकाळी सात वाजता एका गुप्त कचेरीत यायच्या. मेणबत्तीवर लाख अलगद वितळवायची, कागद कोणत्या क्रमाने होते ते टिपायचं, महत्त्वाचा भाग नकलून घ्यायचा, लांबलचक असेल तर एक जण वाचणार आणि बाकीचे लिहून घेणार. मग कागद जसेच्या तसे आत, खोट्या मोहोरेने लाख परत, आणि साडेनऊला थैली टपालात. वकिलाला पत्र वेळेवर मिळतं, शंका यायला जागा नाही.

एकदा मात्र घोटाळा झाला असं सांगतात. इंग्रज वकिलाला मूळ पत्राऐवजी नक्कलच पोचली! त्याने तक्रार केली तर चॅन्सेलर कौनित्झ शांतपणे म्हणाला, "काय ही गबाळी माणसं!"

वकिली_डोकं

याला जोड इंग्लंडची, कारण तिथून धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १८४४ मध्ये लंडनला आश्रय घेतलेल्या इटालियन क्रांतिकारक मॅझिनीला संशय आला की आपली पत्रं फुटतात. त्याने पाकिटांत खसखशीचे दाणे, केस, वाळूचे कण घालून पत्रं मागवली. पाकीट बंद, मोहोर शाबूत, आतली खसखस गायब. पार्लमेंटात अर्ज गेला, गृहमंत्री ग्रॅहम यांना उत्तर देता देता नाकी नऊ आले, आणि टपाल खात्यातली ती गुप्त शाखा बंद करावी लागली. हेरगिरी पकडायला खसखस! आपल्याकडे अनारशांना लागते तेवढीच माहीत.

पण नियम बदलला नाही. मंत्र्याच्या हुकुमाने पत्र उघडायचा अधिकार राहिला तो राहिलाच. हिंदुस्थानात तो कायद्यात लिहून काढला: १८८५ चा तार कायदा, कलम ५, आणि १८९८ चा टपाल कायदा, कलम २६. मॅझिनीचं चरित्र मराठीत आणणारे सावरकर लंडनला गेले तेव्हा इंडिया हाउसवर पाळत होतीच. १ जुलै १९०९ ला मदनलाल धिंग्रांनी कर्झन वायलीला गोळ्या घातल्यावर खास हिंदी क्रांतिकारकांसाठी लंडनमध्ये वेगळं गुप्तवार्ता खातं उभं राहिलं.

स्वातंत्र्यानंतर दोन्ही कायदे तसेच. १९८६ मध्ये टपाल कायद्यात पत्रं अडवण्याची सत्ता वाढवणारं विधेयक संसदेत मंजूर झालं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही. ठेवून दिलं. आपल्या घटनेच्या इतिहासात टपाल थांबवायच्या कायद्याचंच टपाल असं थांबलं. फोनबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बंधनं घातली, खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी सांगितलं, आणि २०२३ मध्ये टपाल आणि दूरसंचार दोन्हींचे नवे कायदे आले. अडवण्याची तरतूद दोन्हींत आहे.

अगोचर

म्हणजे कलम बदललं, लाख तीच.

मांडवीकर

गोव्याचं कोणी काढलंच नाही? दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून मुरगाव बंदरात जर्मन जहाजं आसऱ्याला येऊन उभी होती. त्यातलं एक एहरेनफेल्स. त्यावरच्या छुप्या वायरलेसवरून पाणबुड्यांना बोटींच्या खबरा जातात असा इंग्रजांचा होरा. तटस्थ बंदरात उघड हल्ला करता येईना. मग कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या हौशी पलटणीतले उतारवयाकडे झुकलेले कंपनीवाले जमवले, फीबी नावाच्या गाळवाहू बोटीत घातले, आणि ९ मार्च १९४३ च्या पहाटे त्यांनी एहरेनफेल्सवर छापा घातला. जर्मन खलाशांनी आपली जहाजं आपणच बुडवली. हे सगळं १९७८ पर्यंत गुलदस्त्यात होतं. मुरगावच्या जुन्या लोकांना जळती जहाजं मात्र पक्की आठवत होती.

कारकुनाने असं काही करून दाखवावं!

दप्तरी

मांडवीकर, छापा जोरदार, प्रश्नच नाही. पण बघा, लढाई कशासाठी? एका वायरलेससाठी. टपालच की ते.

घाटवाट

अहो, तुम्हाला उद्या कबुतर दाखवलं तरी टपालच म्हणाल.

दप्तरी

कबुतर तर टपालच!

बर्लिनकर

पूर्व जर्मनीच्या श्टाझीबद्दल, म्हणजे तिथल्या गुप्त पोलिसांबद्दल थोडं, कारण दप्तरींचा कारकून तिथे परमावधीला पोचला. टपालासाठी 'विभाग एम' होता, थेट टपाल कार्यालयांच्या आत, लोकांना न दिसणाऱ्या खोल्यांत. शेवटच्या काळात दिवसाला ९०,००० पर्यंत पत्रं बघितली जायची. लाइपझिगच्या संग्रहालयात त्यांची वाफेने पाकिटं उघडणारी आणि परत चिकटवणारी यंत्रं मी बघितली आहेत. राखाडी, बोजड, एखाद्या छापखान्यातली वाटावीत अशी. मला तिथे भीती वाटली नाही, कंटाळा दिसला. आठ तास उभं राहून लोकांच्या आज्यांची वाढदिवसाची पत्रं वाफवायची.

आणि चोरीही. पश्चिमेकडचे नातलग पाकिटात नोटा घालत. १९८४ ते १९८९ मध्ये विभाग एमने अशा पत्रांतून तीन कोटींहून जास्त मार्क काढून सरकारजमा केले.

१९८९ मध्ये पगारी नोकर ९१,००० च्या आसपास, खबरे त्याच्या जवळपास दुप्पट, कागद रचले तर १०० किलोमीटरच्या वर. एवढं करून सरकार कोसळतंय हे त्यांना कळलं, पण करायचं काय ते कळलं नाही. शेवटच्या आठवड्यांत यंत्रं थकली म्हणून हाताने कागद फाडत बसले. फाटक्या कागदांची हजारो पोती सापडली. ते तुकडे जुळवायचं काम पुढे कित्येक वर्षं चाललं.

स्वाती_ठाणे

बर्लिनकर, ते पैसे चोरण्याचं वाचून बरं वाटलं असं म्हणणं बरोबर नाही, पण निदान माणसंच होती ती असं वाटलं.

पाथरवट

पुण्याचं एक राहिलं. एल्फिन्स्टन पुण्यात रेसिडेंट असताना पेशव्यांच्या दरबारातली खडानखडा माहिती त्याला मिळायची, आणि त्यात बाळाजीपंत नातूंचा वाटा मोठा. तेच नातू नोव्हेंबर १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवताना दिसतात. इथे ना वेषांतर, ना फोडलेलं पत्र. दोन्हीकडे उजळ माथ्याने ये-जा असलेला माणूस. दप्तरी आणि घाटवाट, हा तिसरा प्रकार तुम्ही दोघांनीही सोडलात.

घाटवाट

यावर मात्र दप्तरींशी एकदाची सहमती होईल असं वाटतं.

दप्तरी

झाली. कौटिल्याकडे त्यालाही जागा आहे, दोन्हीकडून पगार खाणारा तो उभयवेतन. त्याची बायकामुलं मात्र आपल्या ताब्यात ठेवूनच त्याला पाठवायचं, हे सांगायला तो विसरत नाही.

वाचनवेडी

उशिरा आले. मोगलांच्या त्या बातम्यांचे मूळ कागद आज कुठे बघायला मिळतात? सामान्य माणसाला वाचता येण्यासारखं काही?

दप्तरी

दरबारातल्या बातम्यांचे कागद, म्हणजे अखबारात, राजपूत राजांचे वकील दिल्लीहून किंवा छावणीतून नकलून आपल्या धन्याला पाठवत. जयपूरवाल्यांनी ते जपले, म्हणून टिकले. मोठा साठा आता बिकानेरच्या अभिलेखागारात आहे, काही कर्नल टॉडने लंडनला नेला. लिपी शिकस्ता, म्हणजे घाईघाईची फारसी, भल्याभल्यांना घाम फुटतो. मराठीत हवं असेल तर सेतुमाधवराव पगडींनी केलेले या बातमीपत्रांचे अनुवाद शोधा, जुन्या ग्रंथालयांत नक्की मिळतील. रसभरीत काही असेल या आशेने उघडू नका. बादशहा आज कुठे गेला, कोणाला खिलत (मानाचा पोशाख) दिली, कोणाची मनसब वाढली, असं पानोपान. आणि मग मध्येच एका ओळीत मराठे अमुक ठिकाणी दिसल्याची खबर, पुढच्या ओळीत परत खिलत.

वाचनवेडी

धन्यवाद! आमच्या ग्रंथालयात पगडींचं कपाटच वेगळं आहे. शनिवारी बघते.